‘अनुभव म्हणून’ द्यायची नाही अशी परीक्षा

फायनल इयर सुरू झालं की आपल्या हॉस्टेलमध्ये दोन साथी येतात. एक सर्दी-खोकल्याची आणि दुसरी फॉर्म भरण्याची. गेट, रेल्वेची जेई, एएलपी, एमपीएससी, बँक, जे निघेल ते. मेसमध्ये एका हाताने भाकरी मोडायची आणि दुसऱ्या हाताने मोबाईलवर सही अपलोड करायची. "अगं, पण अभ्यास?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "भरून तर ठेवू, अनुभव येईल!" मुलांच्या हॉस्टेलमध्ये याचंच खान्देशी व्हर्जन ऐकू येतं, "भरून टाक ना भो, काय जातं आपलं?"

बहुतेक परीक्षांच्या बाबतीत हे तत्त्वज्ञान बरोबरच आहे. जातात ते फीचे पैसे आणि एक रविवार. नाही जमलं तर पुढच्या वर्षी परत. पण मित्रमैत्रिणींनो, एक परीक्षा अशी आहे की जिथे "काय जातं आपलं?" या प्रश्नाचं उत्तर "सगळंच जातं" असं आहे. एअर फोर्समध्ये पायलट होण्यासाठी जी अॅप्टिट्यूड टेस्ट घेतात ती आयुष्यात एकदाच देता येते. तिचं नाव कॉम्प्युटराइज्ड पायलट सिलेक्शन सिस्टिम, म्हणजे सीपीएसएस. त्यात एकदा बसलं नाही की फ्लाइंग ब्रँचचं दार बंद. ते पुन्हा उघडत नाही.

यंदा आपल्या कॉलेजमधून एएफकॅटचे फॉर्म भरणारे बरेच दिसले. मीही भरला, नागपूरला जाऊन पेपर दिला, आणि पासही झाले. त्यामुळे हा विषय सध्या माझ्या डोक्यात घोळतोय. जे कळलं ते सांगावं आणि जे वाटतं तेही सांगावं, म्हणून हा लेख.

आधी रस्ता समजून घेऊ. एएफकॅट ही लेखी परीक्षा वर्षातून दोनदा होते. दोन तास, शंभर प्रश्न, तीनशे मार्क. बरोबर उत्तराला तीन, चुकलं तर एक वजा. इंग्रजी, गणित, जनरल नॉलेज, रीझनिंग असा सगळा मसाला. ती वय आहे तोवर कितीही वेळा देता येते. ही खुशाल अनुभव म्हणून द्या. त्यात पास झालेल्यांना एअर फोर्स सिलेक्शन बोर्डाचं, म्हणजे एएफएसबीचं बोलावणं येतं. डेहराडून, म्हैसूर, वाराणसी, गांधीनगर अशा ठिकाणी ही बोर्डं आहेत. तिथे पहिल्या दिवशी चाळणी, मग मानसशास्त्रीय चाचण्या, ग्राउंडवरचे ग्रुप टास्क, इंटरव्ह्यू. यात रिजेक्ट झालो तरी पुन्हा जाता येतं. दहा-दहा वेळा जाऊन यशस्वी झालेले लोक आहेत.

खरी गंमत यानंतर आहे. फ्लाइंगसाठी ज्यांची बोर्ड शिफारस करतं त्यांनाच सीपीएसएसला बसवतात. म्हणजे जो अनुभव घ्यायला म्हणून गेला आणि नशिबाने, बोलक्या स्वभावाने किंवा खरोखरच्या गुणांनी शिफारशीपर्यंत पोहोचला, तो अचानक त्या मशीनसमोर येऊन बसतो. आमच्या ओळखीच्या एका सीनियरचं असंच झालं. चार-पाच दिवस प्रत्येक टप्प्यात नाव पुढे येत गेलं, रूममधले बाकीचे सामान बांधून परत गेले, आणि हा शेवटच्या फेरीत आयुष्यात पहिल्यांदाच जॉयस्टिक आणि पेडल एकत्र हाताळायला बसला. थोडक्यात राहिला. तो आज चांगल्या कंपनीत आहे, त्याचं काही वाईट झालेलं नाही. पण त्याचं एक वाक्य लक्षात राहिलं आहे. तो म्हणाला, "मी नापास झालो याचं मला वाईट वाटत नाही. मी तयार असतो तर पास झालो असतो का, हे आता कधीच कळणार नाही याचं वाटतं."

आणि दार कोणतंही असो, मशीन एकच. एनडीए, सीडीएस, एएफकॅट, एनसीसीची स्पेशल एन्ट्री, कुठूनही जा. नौदलाच्या पायलटलासुद्धा ही अॅप्टिट्यूड टेस्ट चुकत नाही. ज्युनिअर्सनी हे विशेष लक्षात ठेवावं. बारावीत एनडीएतून एअर फोर्सच्या फ्लाइंगसाठी जाऊन ज्याने ही टेस्ट दिली आणि गमावली, त्याच्यासाठी इंजिनिअरिंगनंतरचं हे दार आधीच लागलेलं असतं.

आता ही टेस्ट म्हणजे नक्की काय? भुसावळच्या माणसाला हे समजावणं खरं तर सोपं आहे. आपल्याकडे घरटी एक माणूस रेल्वेत, त्यामुळे लोको पायलटची ‘सायको’ सगळ्यांना ठाऊक असते. असिस्टंट लोको पायलटच्या भरतीत लेखी परीक्षांनंतर एक अॅप्टिट्यूड टेस्ट असते. लखनौच्या आरडीएसओने ठरवलेले तिचे पाच भाग आहेत: स्मरणशक्ती, सूचनांचं पालन, खोलीचा अंदाज, एकाग्रता आणि झटपट निरीक्षण. विटांच्या थप्पीचं चित्र दाखवून ‘या विटेला किती विटा टेकल्या आहेत’ असं विचारतात, तो खोलीचा अंदाज. पाचही भागांत स्वतंत्रपणे किमान ४२चा टी-स्कोअर लागतो. जात, प्रवर्ग, कोणालाही सवलत नाही. आपल्या इंजिनिअरिंगसारखं मॅथ्स-थ्रीमध्ये गचकलो पण वर्कशॉपने अॅग्रीगेट सांभाळलं, असं तिथे चालत नाही. कारण सरळ आहे. स्मरणशक्ती उत्तम पण सिग्नलकडे लक्ष नाही, असा ड्रायव्हर सरासरीने पास होऊन उपयोगाचा नाही. मागे बसलेली हजार-दीड हजार माणसं काही सरासरीने प्रवास करत नसतात.

पायलटची टेस्ट याच घराण्यातली, पण यात हातपायही आले. सीपीएसएस येण्याआधी पायलट अॅप्टिट्यूड बॅटरी टेस्ट, म्हणजे पीएबीटी होती. तिचे तीन भाग होते. पहिला कागदावरचा. विमानातल्या सहा डायलची ओळख करून देतात: उंची, वेग, दिशा, क्षितिज, वळण आणि चढ-उताराचा दर. मग डायलचे काटे बघून विमान कोणत्या स्थितीत आहे ते झटपट सांगायचं. दुसरा भाग मशीनवरचा. समोर प्रकाशाचा एक ठिपका सतत भटकत असतो, त्याला मधल्या चौकटीत धरून ठेवायचं. वर-खाली हाताच्या स्टिकने, डावी-उजवीकडे पायाच्या पेडलने. हे चालू असताना मध्येच लाल दिवा लागतो, मध्येच बझर वाजतो, ते दुसऱ्या हाताने बंद करायचे. तिसऱ्या भागात फिरत्या ड्रमवर ठिपके येत राहतात आणि चाक फिरवून काटा त्या ठिपक्यांवर आणायचा. ठिपके वेडेवाकडे, वेळ थोडा. आता ही जुनी यंत्रं जाऊन कॉम्प्युटर आला आहे. डीआरडीओच्या दोन प्रयोगशाळांनी, दिल्लीच्या मानसशास्त्र संस्थेने आणि बंगळुरूच्या एडीईने मिळून ही सिस्टिम देशातच बनवली. पण मोजायचं तेच आहे: डोळा, कान, हात आणि पाय एकाच वेळी चालतात का, आणि एकाकडे लक्ष देताना दुसरं सुटतं का.

कल्पना करा, मे महिना आहे, पारा पंचेचाळीसच्या वर, तुम्ही जामनेर रोडने गाडीवर चालला आहात, समोर केळीचा ट्रक, मागून रिक्षाचा हॉर्न, डावीकडून गाय, आणि मागे बसलेली मैत्रीण सबमिशनची तारीख विचारते आहे. तुम्ही उत्तरही देता आणि गाडीही पडत नाही. साधारण हीच कला, फक्त मोजून मापून.

"पण पाऊण-एक तासाच्या मशीनच्या खेळावरून कोणाला विमान चालवता येईल हे कसं कळणार?" हा प्रश्न मलाही पडला होता. इतिहास वाचल्यावर थोडं उत्तर मिळालं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराच्या हवाई दलाने जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली मोठा कार्यक्रम हाती घेतला. उमेदवारांना १ ते ९ असा गुणांक द्यायचे. मग त्यांनी धाडसी गोष्ट केली. हजारावर तरुणांना टेस्टमध्ये काहीही गुण असोत, तसंच फ्लाइंग ट्रेनिंगला पाठवलं. खालचे गुणांक असलेले बहुतेक ट्रेनिंगमध्ये गळाले, वरच्यांतले बरेच टिकले. शंभर टक्के अचूक नाही, पण हे भविष्य पोपटाने काढलेलं नव्हतं. आपल्याकडेही १९४३ साली डेहराडूनला सैन्यनिवडीसाठी प्रायोगिक बोर्ड बसलं आणि तिथून ही शास्त्रीय निवड रुजली.

मग एकदाच का? माझ्या मते यामागे एक साधं तर्कशास्त्र आहे. डोळ्यांच्या डॉक्टरकडचा अक्षरांचा तक्ता पाठ करून गेलं तर नंबर निघत नाही, पाठांतर निघतं. तसंच मशीनवर दहा वेळा बसलेल्या माणसाचे गुण वाढतात, पण उपजत क्षमता किती आणि सवय किती ते वेगळं काढता येत नाही. शिवाय पायलट घडवणं प्रचंड खर्चाचं काम, आणि चूक झाली तर किंमत पैशात मोजायची नसते. म्हणून हा नियम कठोर असला तरी मला तो चुकीचा वाटत नाही. अन्याय असेलच तर तो मशीनच्या आधी आहे.

तो कसा ते सांगते. या विषयावर हॉस्टेलमध्ये दोन पंथ आहेत. पहिला क्लासवाल्यांचा. "दीड महिन्याचा कोर्स लावला की होतं." दुसरा नशीबवाल्यांचा. "ती देणगीच असावी लागते, तयारी करून काय उपयोग?" मला दोन्ही अर्धवट वाटतात. क्षमता पाठ करता येत नाही हे खरं. पण अनोळखीपणा घालवता येतो. विमानाची स्टिक पुढे ढकलली की नाक खाली जातं आणि मागे ओढली की वर येतं. मोबाईलवर बोट वर सरकवायची सवय असलेल्या माणसाला हे उलटं वाटतं. ज्याने हे घरी सिम्युलेटरवर शंभर वेळा केलंय तो मशीनसमोर पहिल्या मिनिटापासून टेस्ट देतो. ज्याने स्टिक फक्त सिनेमात बघितली आहे त्याची पहिली मिनिटं स्टिक समजण्यातच जातात. दोघांची क्षमता सारखी असली तरी गुण वेगळे पडणार. आणि परत संधी नाही.

इथे कॉन्व्हेंटची मुलगी म्हणून एक गोष्ट मोकळेपणाने लिहिते. एएफकॅटचा पेपर इंग्रजीत असतो. त्यात मला जो फायदा झाला तो माझ्या हुशारीचा कमी आणि शाळेच्या फीचा जास्त होता. माझ्या रूममेटचं शिक्षण रावेर तालुक्यात मराठी माध्यमात झालं. इंग्रजी पॅसेज वाचायला तिला माझ्या दीडपट वेळ लागतो. पण तीच मुलगी केळीच्या बागेतल्या अरुंद बांधावरून ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये घेते. ट्रॉली डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं, मान मागे, पाय क्लचवर, आणि तोंडाने भावाला शिव्या! मला सात जन्मांत जमणार नाही. मशीनला इंग्रजी ग्रामर समजत नाही, हात-पाय समजतात. म्हणजे आपल्या भागातल्या मुलामुलींकडे जे आहे तेच तिथे मोजलं जातं. फक्त तिथपर्यंत पोहोचण्याचा रस्ता इंग्रजी पेपरमधून जातो आणि मशीनची तोंडओळख करून देणारं इथे कोणी नाही. एनसीसीची एअर स्क्वॉड्रन आहेत ती मुंबई, पुणे, नागपूरला.

मुलींसाठी वेगळं काही लिहायची आता गरज नाही, पण दोन नावं घेतेच. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ साली आपल्या मध्य रेल्वेत असिस्टंट ड्रायव्हर झाल्या, इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या जोरावर. २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली आणि २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. दुसरं नाव तर शेजारच्या बोदवड तालुक्यातल्या नाडगावचं. तिथे जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील यांनी २५ नोव्हेंबर २००९ रोजी राष्ट्रपती असताना, वयाच्या ७४व्या वर्षी, पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई-३० मधून उड्डाण केलं. अर्थात त्या मागच्या सीटवर होत्या. पुढच्या सीटवर बसायचा मार्ग मुलींसाठी जून २०१६ मध्ये मोकळा झाला, अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग फायटर पायलट म्हणून रुजू झाल्या तेव्हा. तिघीही इंजिनिअरच!

आता ज्यांना खरंच जायचं आहे त्यांच्यासाठी कामाचं बोलू. पुस्तकं घेण्याआधी दोन रुपयांची कापडी टेप घ्या. फ्लाइंगसाठी उंची किमान १६२.५ सेंटिमीटर लागते. पायाची लांबी ९९ ते १२०, बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६ आणि मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४ सेंटिमीटर. हे कॉकपिटच्या मापावरून ठरलेलं आहे, कोणाच्या वशिल्याने बदलत नाही. डोळ्यांना मायनसचा नंबर असेल किंवा रंग ओळखण्यात दोष असेल तर तेही आधीच तपासून घ्या. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्समध्ये प्रत्येकी ५० टक्के आणि डिग्रीला ६० टक्के लागतात, म्हणजे बॅकलॉगचा डोंगर आधी उतरा. मेडिकल सगळ्यात शेवटी असते म्हणून आपण तिचा विचारही शेवटी करतो. माप बसत नसेल तर वर्षभराची दगदग आणि घरच्यांच्या आशा, दोन्ही वाचतील.

माप बसलं तर मग रोजची सवय. डायल वाचायची प्रॅक्टिस करा, घन फिरवल्यावर कसा दिसेल असली कोडी सोडवा. स्टिक मिळाली तर रोज वीस मिनिटं, आणि ते करताना कोणाला तरी पाढे विचारायला सांगा. हसू नका, एक हात कामात असताना कान उघडा ठेवण्याची हीच प्रॅक्टिस आहे. आणि रात्री तीनपर्यंत जागून अॅप्टिट्यूड येत नाही. झोप हाही अभ्यासच आहे, जरी आपल्या हॉस्टेलमध्ये ही गोष्ट कोणाला पटणार नसली तरी.

आणि इतकं करूनही नाही झालं तर? अब्दुल कलामांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. एरोनॉटिकल इंजिनिअर होऊन ते डेहराडूनला एअर फोर्सच्या निवडीला गेले, जागा आठ होत्या आणि ते नववे आले. ही गोष्ट आपण ‘बघा, पुढे राष्ट्रपती झाले’ असं म्हणून संपवतो. मला ती जरा वेगळी दिसते. सगळे काही राष्ट्रपती होणार नाहीत. पण नववा आलेला माणूस विमानांच्या जगातून बाहेर फेकला गेला नाही, हे महत्त्वाचं. सीपीएसएस राहिली तरी ज्याने ग्राउंड ड्यूटीचा पर्याय दिलेला आहे त्याला टेक्निकल ब्रँच खुली असते. शिवाय विमान उडवणाऱ्यांइतकेच बनवणारे लागतात. नाशिकजवळ ओझरच्या एचएएलमध्ये १९६० च्या दशकात मिग-२१ साठी कारखाना उभा राहिला. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालं आणि पुढच्याच महिन्यात ओझरला तयार झालेलं पहिलं तेजस आकाशात गेलं. ते आपल्यासारख्याच डिग्रीवाल्यांनी जोडलं आहे. मशीन फक्त एवढंच सांगतं की या सीटवर हा माणूस बसेल की नाही. माणूस किती लायक आहे हे ते सांगत नाही, आणि घरच्यांनी, गल्लीवाल्यांनीही तसा अर्थ काढू नये.

शेवटी आपल्या कॉलेजकडे एक मागणी. नियम एकदाच संधीचा असेल तर ओळख करून घेण्याची संधी तरी सगळ्यांना सारखी असावी. त्यासाठी कोट्यवधींचं सिम्युलेटर नको. फ्लाइटगिअर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. लॅबमधला एक बऱ्यापैकी पीसी आणि काही हजारांची जॉयस्टिक एवढ्यावर सुरुवात होईल. पेडल विकत घ्यायची तर महाग पडतात, पण लाकडाची फळी, स्प्रिंग, दोन पोटेन्शिओमीटर आणि एक मायक्रोकंट्रोलर एवढ्यात ती बनू शकतात. मेकॅनिकल आणि ई अँड टीसीच्या चार जणांचा फायनल इयर प्रोजेक्ट होऊन जाईल. दरवर्षी ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम’ नव्या कव्हरमध्ये बाईंड करण्यापेक्षा हे नक्की बरं! एखाद्या सरांनी किंवा मॅडमनी संध्याकाळी एक तास ती खोली उघडी ठेवली तरी पुरे. ज्याला आवड नाही तो दोन दिवसांत गेम समजून सोडून देईल. ज्याच्या हातात खरंच काही आहे त्याला ते तिथेच कळेल, म्हैसूरला शेवटच्या दिवशी नाही.

मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. या वेळचं एएफएसबीचं बोलावणं मी सोडणार आहे. घरी पटलेलं नाही. "आलेली संधी कोणी घालवतं का?" असं पप्पा विचारतात. त्यांना सांगितलं, एएफकॅट परत देता येते, ती देईन. जी परत देता येत नाही तिच्याकडे तयार होऊन जाईन. कदाचित तेव्हाही होणार नाही. पण त्या सीनियरसारखा प्रश्न घेऊन मला परत यायचं नाही.

तुमच्यातल्या कोणाच्या हातात सध्या हा फॉर्म असेल तर भरा, जरूर भरा. फक्त सबमिटचं बटण दाबण्याआधी भिंतीला टेकून उभे राहा आणि कोणाला तरी टेप धरायला सांगा.